प्रतिवादी क्रमांक एक-ब

कोर्टाच्या कागदावर माझं नाव पहिल्यांदा आलं ते अण्णा गेल्यावर. २०१७ च्या पावसाळ्यात ते गेले, आणि दिवाळी सरता सरता वकिलांचा फोन आला, की तुम्हाला रेकॉर्डवर घ्यायचंय. मयत प्रतिवादी क्रमांक एक तर्फे वारस: एक-अ माझा भाऊ, एक-ब मी, एक-क आई. वादी माझी सख्खी आत्या. दावा वाटपाचा. मिळकत सहा एकर तीस गुंठे, त्यात विहीर एक, चतुःसीमा येणेप्रमाणे.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या वेलांट्या तपासायच्या, हा माझा धंदा. त्या कागदावर माझ्याच नावात एक वेलांटी चुकली होती. दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो आणि अर्जालाही तारीख पडते, असं कळल्यावर मी गप्प बसले. दावा तोवर अपिलात गेला होता आणि तिथे आम्ही 'उत्तरवादी' होतो, पण गावात आणि घरात आम्ही प्रतिवादीच राहिलो.

बायडाआत्या १९५६ ची. हिंदू उत्तराधिकार कायदाही त्याच वर्षीचा, जून महिन्यातला. हे मला फार उशिरा लक्षात आलं. बहात्तरच्या दुष्काळात सोळा वर्षांची आत्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. त्या मजुरीतून अण्णांच्या कॉलेजची फी गेली, असं आजी सांगायची. अण्णांनी ते कधी नाकारलं नाही आणि कधी स्वतःहून सांगितलंही नाही. चौऱ्याहत्तर साली आत्याचं लग्न झालं. आजी १९९८ मध्ये गेली, आजोबा २००१ मध्ये. तलाठ्याने वारसनोंद केली तेव्हा दोन्ही मुलगे सात-बाऱ्यावर मालक म्हणून लागले आणि आत्या गेली 'इतर हक्क' या रकान्यात. त्या रकान्यात सोसायटीचं कर्ज असतं, विहिरीचा बोजा असतो, बहिणी असतात.

भांडणाचं कारण पाणी. २००८ च्या सुमारास आमच्या दुष्काळी तालुक्यात योजनेचं पाणी आलं आणि ज्या जमिनीत बाजरीसुद्धा धड येत नव्हती तिला भाव फुटला. अण्णा आणि त्यांचे भाऊ तात्या यांनी रस्त्याकडेचे दहा गुंठे विकायला काढले. घेणाऱ्याच्या वकिलाने रकान्यातलं नाव बघून बहिणीची सही मागितली. मग दोघे भाऊ इरकली साडी घेऊन आत्याकडे गेले. जेवणं झाली, पान झालं, आणि अण्णांनी हक्कसोडपत्र काढलं. आत्या चौथी शिकलेली. ती म्हणाली, "दादा, सही करते, पर आदी वाचून दाव काय लिवलंय." अण्णांनी वाचायला सुरुवात केली. 'माझा सदर मिळकतीवर कोणताही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही' इथपर्यंत आले आणि त्यांचा आवाज बसला. कागद घडी करून खिशात घातला. हा प्रसंग मी अण्णांकडूनही ऐकलाय आणि आत्याकडूनही, आणि दोघांच्या सांगण्यात एका शब्दाचा फरक नाही. साडी मात्र तिने ठेवून घेतली.

२००९ मध्ये आत्याने दावा लावला. दाव्याला उत्तर म्हणून जी कैफियत द्यायची होती ती वकिलांच्या टायपिस्टने केली आणि अण्णांनी माझ्याकडे पाठवली: "एवढं शुद्धलेखन बघून दे." तिच्यात लिहिलं होतं, की वादीच्या विवाहात प्रतिवादींच्या वडिलांनी भरपूर खर्च केला असून वादीला तिच्या हिश्श्यापोटी सोन्याचे दागिने दिलेले आहेत. चौऱ्याहत्तर साली, दुष्काळाला दोन वर्षं होत नाहीत तोवर, आमच्या घरात हिश्श्यापोटी द्यायला सोनं! मी 'विवाहात'चा 'वि' दीर्घ होता तो ऱ्हस्व केला, 'दागीने' दुरुस्त केलं, आणि कागद परत पाठवला.

तालुक्याच्या कोर्टात मी तीन-चारदाच गेले. तिथे व्हरांड्यात एक लांब बाक होता, त्याची एक फळी निघालेली. आत्या तिच्या गावाहून यायची, अण्णा आमच्या गावाहून. दोघांच्या एसट्या साडेदहाच्या आगेमागे स्टँडवर लागायच्या आणि दोघं चालत कोर्टापर्यंत एकत्र यायची. बाकावर शेजारी बसायची. अण्णा विचारणार, "दाजींची शुगर कशी हाय?" आत्या पिशवीतून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढणार. मग पट्टेवाला पुकारा करणार, दोघं उठून आत जाणार, अण्णांचे वकील मुदतीचा अर्ज देणार, शिरस्तेदार तारीख सांगणार. पुन्हा दोघं बाहेर. कोण जिंकलं-हरलं याचा प्रश्नच नाही, कारण आत काही घडलेलंच नसायचं.

पुढे मी रोजनाम्याच्या नकला काढल्या. रोजनामा म्हणजे दाव्याची रोजची नोंद. प्रत्येक तारखेला एक-दोन ओळी. 'वादी हजर. प्रतिवादी १ व २ तर्फे मुदतीचा अर्ज. मंजूर.' 'वादी हजर. मा. न्यायाधीश रजेवर.' 'वादी हजर. वकील संघाच्या ठरावामुळे कामकाज नाही.' 'वादी हजर. वेळेअभावी तहकूब.' चार वर्षांत एकसष्ट तारखा. प्रत्यक्ष काही काम झालं अशा मी नऊ मोजल्या. दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिलंय, की सुनावणी चालू असताना एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत. हे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. पण रोजनाम्यात मला जे दिसलं ते वेगळंच. एकसष्टपैकी एकसष्ट ओळींत 'वादी हजर' हे दोन शब्द होते. सुगीच्या दिवसांतही, दाजी दवाखान्यात असतानाही.

मार्च २०१३ मध्ये निकाल लागला. मराठीत, सतरा पानं. आमच्याकडे खालच्या कोर्टांची भाषा मराठी, त्यामुळे आत्याने तो स्वतः वाचला, बोट फिरवत, दोन दिवस घेऊन. शेवटी हुकूम: 'दावा अंशतः मंजूर. वादीस दावा मिळकतीत १/९ हिस्सा सरस-निरस मानाने मिळावा.' सरस-निरस म्हणजे जमिनीचा बरेवाईटपणा बघून. दोनशे सत्तर गुंठ्यांत तीस.

नववा हिस्सा आला कुठून? तीन भावंडं, मग तिसरा का नाही? गणित असं. जुन्या कायद्यात वडिलोपार्जित जमीन ही बाप आणि मुलगे यांची, जन्मतः. माणूस मेला की त्याच्या मरणाच्या क्षणाआधी एक काल्पनिक वाटणी झाली असं धरायचं: आजोबा, अण्णा, तात्या, प्रत्येकी तिसरा हिस्सा. मग आजोबांच्या तिसऱ्या हिश्श्याला तीन वारस. त्यातला एक तुकडा आत्याचा. भावांना स्वतःचा तिसरा आणि वर बापाच्या हिश्श्यातला नववा. म्हणजे त्यांना एकशे वीस-एकशे वीस गुंठे, हिला तीस. ही जन्मतः हक्काची कल्पना मिताक्षरा या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथातली. तो विज्ञानेश्वराने लिहिला कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, सोलापूरच्या पलीकडे, सुमारे नऊशे वर्षांपूर्वी. चालुक्यांचं राज्य गेलं, त्यांची राजधानी गेली. आमच्या तालुक्याच्या कोर्टात त्यांचा पंडित अजून वाटण्या करत होता.

मला भाबडेपणाने वाटायचं, की १९५० मध्ये संविधान आलं, कलम १४ आलं, कलम १५ मध्ये लिंगावरून भेदभाव नको असं लिहिलं, मग प्रश्न कुठे उरतो? प्रश्न कुठे उरतो ते मला मुंबईत समजलं.

ते असं झालं. जिल्हा न्यायालयातही आत्या हरली, आणि ती दुसरं अपील घेऊन उच्च न्यायालयात आली. आता साताऱ्याची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, ते ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालंय. आमच्या वेळी फोर्टला जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी डोंबिवलीला राहते. २०१९ मध्ये एकदा आदल्या रात्री आत्या माझ्याकडे मुक्कामाला आली. अपीलकर्ती उत्तरवादीच्या घरी. येताना तिने हरभऱ्याची डाळ आणि लसणाची चटणी आणली होती, आणि झोपताना विचारलं, "तुजा वकील येनार का गं उद्या? का परत मुदत?" माझा वकील म्हणजे तिच्याविरुद्धचा. मी म्हटलं, येतील.

आमचा नंबर बोर्डावर सत्याऐंशी होता. साठाच्या आसपास कोर्ट उठलं. मग मी तिला इमारत दाखवली. मधल्या मोठ्या कोर्टाबाहेर टिळकांची संगमरवरी पाटी आहे, १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात ज्युरीने दोषी ठरवल्यावर ते जे बोलले ते त्यावर कोरलंय. मी तिला वाचून, मराठी करून सांगितलं. तिने नीट ऐकलं आणि विचारलं, "टिळकास्नी बी तारका पडल्या व्हत्या का?" नाही. १३ जुलैला खटला उभा राहिला आणि २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. सरकारला घाई असली की कोर्टाला वेळ मिळतो. आत्याला एवढं पुरलं. ती खाली जाऊन चहा म्हणाली.

तिला जे सांगितलं नाही ते हे, की याच उच्च न्यायालयात जुलै १९५१ मध्ये तिचा दावा एका अर्थाने हरला होता, ती जन्मायच्या पाच वर्षं आधी. प्रकरण होतं मुंबई राज्य विरुद्ध नरसू आप्पा माळी. हिंदू पुरुषाला दुसरं लग्न करायला बंदी घालणारा मुंबई प्रांताचा १९४६ चा कायदा घटनेशी विसंगत आहे, असं आरोपीचं म्हणणं. न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्यापुढे ते चाललं. गजेंद्रगडकर जन्मले ते आमच्या साताऱ्यातच, पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. द्विभार्याबंदीचा कायदा त्यांनी वैध ठरवला, हे चांगलंच झालं. पण निकालाच्या ओघात दोघांनीही म्हटलं, की कलम १३ मध्ये मूलभूत हक्कांशी विसंगत 'कायदे' शून्यवत होतील असं जे लिहिलंय, त्या 'कायदे' या शब्दात संहितेत न बांधलेले धर्माचे व्यक्तिगत कायदे येत नाहीत. बायकांच्या बाजूचा निकाल देताना बायकांवरचंच एक दार लोटलं गेलं. संविधान आमच्या वाड्याच्या उंबरठ्यापर्यंत आलं आणि चपला काढून बाहेर उभं राहिलं. त्या निकालावर पुढे खूप टीका झाली. २०१८ मध्ये शबरीमला प्रकरणात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात ते मत चुकीचं असल्याचं लिहिलं. पण एका न्यायमूर्तीने लिहिणं वेगळं आणि पीठाने रद्द करणं वेगळं.

आणि नरसू आप्पाच्या निकालानंतर दोन महिन्यांनी, २७ सप्टेंबर १९५१ ला, आंबेडकरांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. कारणं एकाहून जास्त होती, त्यातलं मोठं म्हणजे हिंदूंचे लग्न-वारशाचे कायदे बदलणारं हिंदू कोड बिल रखडलं, हे. वर्गावर्गातली आणि स्त्री-पुरुषांतली विषमता तशीच ठेवून आर्थिक कायदे करत राहणं म्हणजे शेणाच्या ढिगावर राजवाडा बांधणं, असं ते आपल्या निवेदनात म्हणाले. कोर्टाने सांगितलं हे आमच्या हातात नाही, संसदेत कुणाला ते हातात घ्यायचं नव्हतं. १९५६ चा कायदा आला तो बिलाचे तुकडे करून, आणि त्यात मिताक्षरेचं एकत्र कुटुंब तसंच ठेवलं. नववा हिस्सा आला तो इथून.

त्यानंतरची कहाणी तारखांची आहे. पुकाऱ्याच्या तारखा नव्हेत, कायद्यातल्या. महाराष्ट्राने मुलींना मुलांसारखाच जन्मतः हक्क दिला २२ जून १९९४ पासून. देशात सगळ्यात आधी देणाऱ्या मोजक्या राज्यांत आपण होतो, याचा अभिमान मला शाळेत शिकवला गेला. मात्र त्या तारखेआधी जिचं लग्न झालं तिला तो नाही. आत्याचं लग्न वीस वर्षं आधीचं. मग ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती आली आणि ही लग्नाची अट गेली. पण तोवर आजोबा जाऊन चार वर्षं झाली होती. बाप मेल्यावर आलेला कायदा बापाच्या जमिनीला लागू कसा होणार?

या एका प्रश्नावर देशातल्या न्यायमूर्तींना एकमत व्हायला पंधरा वर्षं लागली, आणि ती पंधरा वर्षं आमच्या दाव्याच्या अंगावरून गेली. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या दोघांच्या पीठाने म्हटलं, हा कायदा मागे बघत नाही. आमच्या तालुक्याच्या न्यायाधीशांनी तो निकाल समोर ठेवून नववा हिस्सा दिला. त्यांना दोष देता येत नाही. २०१४ मध्ये त्याच न्यायालयाच्या तिघांच्या पूर्णपीठाने ते मत खोडलं. आत्याच्या वकिलांनी पेढे मागवले. ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी फुलवती प्रकरणात सांगितलं, की ९ सप्टेंबर २००५ ला मुलगीही हयात हवी आणि बापही. पेढे वाया. जिल्हा न्यायाधीशांनी २०१६ मध्ये आत्याचं अपील फेटाळलं ते याच आधारावर. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या दोन न्यायमूर्तींनी दनम्मा प्रकरणात मुलींना बरोबरीचा हिस्सा दिला. आणि त्या प्रकरणातले वडील कधी गेले होते? २००१ मध्ये. आमच्या आजोबांच्याच वर्षी.

आपण 'सर्वोच्च न्यायालय म्हणालं' असं म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर एक तोंड येतं. तिथे तीसहून जास्त न्यायाधीशांना मंजुरी आहे आणि ते रोज दोघा-तिघांच्या जोड्यांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसतात. दोघांनी एक सांगितलं, दुसऱ्या दोघांनी दुसरं, आणि कलम १४१ म्हणतं, की या न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या कोर्टांवर बंधनकारक. कुठल्या दोघांचा? खालच्या कोर्टात दोन्ही बाजूंचे वकील दिल्लीचा एकेक निकाल हातात घेऊन उभे. अखेर तिघांचं पीठ बसलं. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा, ११ ऑगस्ट २०२०. हक्क जन्माने मिळतो, तेव्हा बाप २००५ मध्ये जिवंत होता की नव्हता याला महत्त्व नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या विक्री-वाटण्या उकरायच्या नाहीत. फुलवतीचा निकाल रद्द झाला, दनम्माचाही काही भाग दुरुस्त झाला.

लॉकडाऊनमध्ये ते निकालपत्र मी सगळं वाचलं, धंद्याची खोड म्हणून. हा कायदा 'रेट्रोस्पेक्टिव्ह' नाही, 'रेट्रोअॅक्टिव्ह' आहे, असा त्यात एक बारीक भेद आहे: मागच्या तारखेपासून लागू होत नाही, पण मागे घडलेल्या गोष्टीवर, म्हणजे जन्मावर, आज हक्क उभा करतो. मराठीत मला दोन्हींना मिळून एकच शब्द सापडला, पूर्वलक्षी. या दोन शब्दांमधल्या फटीत आमचे साठ गुंठे पडले होते.

त्या दिवशी बातम्यांत एक वाक्य फार गाजलं: मुलगी ही आयुष्यभर प्रेमळ मुलगीच असते, मुलगा मात्र लग्न होईपर्यंतच, अशा अर्थाचं. लोकांनी स्टेटसला लावलं. मला ते आवडलं नाही. आत्या प्रेमळ आहे म्हणून तिला जमीन मिळावी का? उद्या एखादी कजाग, माहेरी पाऊल न टाकणारी निघाली तर तिचा हिस्सा कमी? भावांच्या प्रेमळपणाची चौकशी नऊशे वर्षांत कुणी केली नाही. इतकं कष्टाने उभं केलेलं समतेचं बांधकाम, आणि वर एक लोकरीचं फूल.

न्यायालय आपली चूक दुरुस्त करतं, हे खरंच आहे. आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, जबलपूर प्रकरणात पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी स्थानबद्धांना न्यायालयाचं दार बंद केलं. एकट्या न्यायमूर्ती खन्नांनी विरोधात लिहिलं आणि त्यांचं सरन्यायाधीशपद गेलं. त्या चारांत यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या निकालात तो निर्णय रद्द करणारं निकालपत्र लिहिलं त्यांच्या मुलाने. एक्केचाळीस वर्षांनी आलेलं शुद्धिपत्र. पण शुद्धिपत्र पुस्तकाच्या मागे चिकटवतात, आणि ज्यांनी पुस्तक आधीच वाचून ठेवून दिलंय त्यांच्यापर्यंत ते पोचत नाही.

त्या फळी निघालेल्या बाकावर आत्याच्या शेजारी आणखी एक बाई बसायच्या. पलीकडच्या गावच्या. त्यांचाही दावा वाटपाचा, त्यांचेही वडील २००५ आधी गेलेले. दोघींचा डबा एकत्र असायचा. २०१५ च्या निकालानंतर त्यांच्या वकिलांनी त्यांना सांगितलं, आता यात काही राहिलं नाही, भाऊ देतोय ते घ्या. त्यांनी घेतलं. तडजोडीची पुरसिस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, झाली, अंगठा दिला, हुकूमनामा झाला, पैसे नातवाच्या अॅडमिशनला गेले. २०२० च्या निकालाचा अर्थ असा, की त्यांचा हक्क तेव्हाही होता, जन्मापासूनच होता. फक्त त्यांचा दावा संपला होता, आणि संपलेला दावा पुन्हा उघडत नाही. आत्याचं कायद्यातलं भाग्य एवढंच, की तिचा दावा रेंगाळला. अण्णांच्या वकिलांनी इतक्या मुदती मागितल्या नसत्या तर ती कायमची हरली असती. आमच्या बाजूने तिच्यासाठी केलेलं एवढंच काम, आणि तेही नकळत.

एक गंमत मला या सगळ्यात सापडली. आपल्या घटनेचे जे थोर खटले सांगतात ते बघावेत तर तळाशी जमीन. १९५१ चा शंकरी प्रसाद जमीनदारीचा. १९६७ चा गोलकनाथ पंजाबातल्या दोन भावांच्या पाचशे एकरांचा; अकरा न्यायमूर्ती, सहा विरुद्ध पाच. आणि केशवानंद भारती, कासारगोडजवळच्या एडनीर मठाच्या स्वामींचा, केरळच्या जमीन सुधारणा कायद्याविरुद्धचा. तेरा न्यायमूर्ती, अडुसष्ट दिवस सुनावणी, २४ एप्रिल १९७३ ला सात विरुद्ध सहा असा निकाल: संसदेला घटना दुरुस्त करता येईल, तिचा मूलभूत ढाचा मोडता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सरन्यायाधीश सिक्री निवृत्त झाले आणि सरकारने तिघा ज्येष्ठांना डावलून न्यायमूर्ती रे यांना त्या जागी बसवलं. लोकशाहीचा कणा ज्या निकालाने ताठ राहिला म्हणतात, त्याचं मूळ एका मठाच्या शेतजमिनीत. दिल्लीत काय आणि आमच्या तालुक्यात काय, माणूस कोर्टाची पायरी चढतो तो बांधासाठी.

विनीता शर्मा निकालाच्या शेवटी न्यायालयाने विनंती केली होती, की अशी पडून असलेली प्रकरणं शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावीत. आमचं २०२२ मध्ये निघालं. ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये तो सोळा अक्षरी नंबर घालून मी रोज बघायची. एक दिवस 'डिस्पोज्ड' असं आलं. अकरा पानांची पीडीएफ, इंग्रजीत. उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी. तीस गुंठे देणारा निकाल आत्याने स्वतः वाचला होता. नव्वद देणारा तिला वाचता येईना. मी फोनवर वाचून दाखवला, मधल्या केस-नंबरांसकट, कारण तिने काहीच गाळू दिलं नाही.

"म्हंजे किती गुंठं?"

"नव्वद."

बराच वेळ काही आवाज नाही. मग तिने विचारलं, "तुमचं किती कमी झालं?"

"तीस."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

हुकूमनामा हातात आला म्हणजे जमीन आली असं नाही. शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप कोर्ट करत नाही. ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून तहसीलदारांकडे, तिथून मोजणीला. पुन्हा नोटिसा, पुन्हा तारखा. यंदा फेब्रुवारीत मोजणीवाले आले. मी रजा टाकून गेले. एकोणसत्तर वर्षांची आत्या डोक्यावर पदर घेऊन सकाळी सातपासून बांधावर. सर्व्हेअर मशीन लावत होता, पोरगा खुणेचे दगड टाकत होता, तात्या लिंबाखाली बसून कुणाशी न बोलता तंबाखू मळत होते. दुपारी लक्षात आलं, की तिसऱ्या हिश्श्याची रेघ विहिरीच्या पश्चिमेकडून चार-पाच फुटांवरून जाते. विहीर तात्यांच्या तुकड्यात. हुकूमनाम्यात 'विहीर एक' एवढंच लिहिलेलं. पाणी कुणी कसं घ्यायचं याचा शब्द नाही.

"पाण्याची पाळी लिवून घ्या," आत्या सर्व्हेअरला म्हणाली.

"ते माझ्याकडं नाही, आजी. कोर्टातून आणायला लागंल."

"आणू की," आत्या म्हणाली. तात्यांनी तेवढं मात्र मान वर करून बघितलं.

संध्याकाळी भाऊ मला एसटीला सोडायला आला. त्याच्या पोटात काही वाईट नाही, हे मी आधीच सांगते. आईचे, त्याचे आणि माझे मिळून नव्वद गुंठे. तिघांचे सारखे भाग केले तर माझे तीस. तो म्हणाला, आपल्यात कशाला मोजणीबिजणी, तू एकदा येऊन सही करून जा, दुय्यम निबंधकाकडे गर्दी नसते मंगळवारची. आणि एक लिफाफा दिला. म्हणाला, वाचून बघ, शुद्धलेखन वगैरे.

बसमध्ये दिवे नव्हते म्हणून घरी आल्यावर उघडला. हक्कसोडपत्र, दोन पानी. 'माझा सदर मिळकतीवर कोणताही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही.' तेच वाक्य. मसुदा बहुधा त्याच टायपिस्टच्या कॉम्प्युटरमधला. 'हितसंबध'वर अनुस्वार नव्हता, तो दिला. माझ्या नावातली वेलांटी पुन्हा चुकली होती, ती पेन्सिलने दुरुस्त केली. वरच्या कोपऱ्यात 'आज दिनांक' असं लिहून पुढे जागा सोडलीय. लिफाफा शब्दकोशाखाली ठेवलाय, दोन महिने होतील आता.